माझी कॅटेगरी त्यांना कशी कळली? : मोबाइलमधून जाणाऱ्या जातीच्या नोंदीचा माग

गेल्या प्रवेशाच्या हंगामातली गोष्ट. बारावीचा निकाल लागून काही आठवडे झाले होते. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला दिवसातून तीन-चार फोन येऊ लागले. कुठल्या तरी खासगी कॉलेजचा एजंट बोलायचा. "तुम्ही एससी आहात ना, मग फीची काळजी करू नका, सगळं शिष्यवृत्तीतून होईल. फक्त ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या." मूळ कागदपत्रे एकदा कॉलेजच्या कपाटात गेली की प्रवेश रद्द करताना ती सोडवायला काय यातायात करावी लागते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्यामुळे ती गेली नाही. पण तिने आम्हाला एक प्रश्न विचारला. "ताई, मी एससी आहे हे यांना कुणी सांगितलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने तिची जात कुठे कुठे सांगितली होती, याची यादी आम्ही तिच्याबरोबर बसून केली. शाळा सोडल्याचा दाखला. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर पडून राहिलेली जात प्रमाणपत्राची स्कॅन कॉपी. दोन कॉलेजांचे चौकशी अर्ज. शिष्यवृत्तीचे पोर्टल. प्रवेशाचे मार्गदर्शन करणारे एक ॲप आणि त्याच कंपनीची वेबसाइट. महिन्याभरात सहा ठिकाणी. यातल्या कुठल्याही ठिकाणाहून तिची माहिती बाहेर जाऊ शकली असती.

हा लेख त्या प्रश्नाचा माग काढताना आम्ही जे शिकलो त्याबद्दल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम अधिसूचित केले. आता आपली माहिती सुरक्षित झाली, अशा अर्थाच्या पोस्ट समाजाच्या ग्रुपवर फिरत आहेत. त्या वाचून निश्चिंत होण्याआधी जातीच्या नोंदीचे काय झाले, ते पाहिले पाहिजे.

मसुद्यात आलेली आणि कायद्यातून गेलेली जात

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये माहिती संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला. त्यात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा एक वेगळा गट होता. आरोग्य, बायोमेट्रिक, आर्थिक माहिती यांच्याबरोबरच 'जात किंवा जमात' आणि धार्मिक-राजकीय श्रद्धा यांचाही त्या गटात समावेश होता. अशी माहिती घ्यायची तर नेहमीच्या संमतीपेक्षा स्पष्ट आणि काटेकोर संमती लागणार होती. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकातही जात त्या यादीत होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक सरकारने मागे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात संवेदनशील माहितीचा गटच उरला नाही. आज कायद्याच्या दृष्टीने तुमचा ईमेल पत्ता आणि तुमची जात या दोन्ही सारख्याच 'वैयक्तिक माहिती' आहेत. ईमेल पत्ता फुटला तर जाहिराती येतात. जात फुटली तर काय काय येते, हे भाड्याने घर शोधणाऱ्या, हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आणि नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या तरुणांना विचारा.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. एक म्हणजे, शासन जेव्हा अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देते, तेव्हा त्यासाठी माहिती वापरताना प्रत्येक वेळी नव्याने संमती घेण्याचे बंधन कलम ७ मध्ये ठेवलेले नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वाधार असे आपल्या मुलांचे शासनाशी येणारे बहुतेक व्यवहार याच प्रकारचे असतात. दुसरे म्हणजे, कंपन्यांवरची मुख्य बंधने लगेच लागू झालेली नाहीत. नियमांनी त्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत वाट पाहणे आले. दरम्यान प्रवेशाचा आणखी एक हंगाम पूर्ण होऊन गेलेला असेल.

आपल्या समाजासाठी यात एक वेगळी गुंतागुंत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात धर्मांतरापूर्वीची जात, अशा दोन नोंदी कराव्या लागतात. कॉम्प्युटरच्या तक्त्यात हे दोन रकाने शेजारी आले की माणूस अचूक ओळखता येतो. आडनाव बदलले, गाव सोडले, शहरात आलो, तरी हे दोन रकाने आपल्याबरोबर येतात. हक्कासाठी जात सांगावी लागते आणि ती आपण सांगणारच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हक्कासाठी सांगितलेली जात जाहिरातदाराच्या यादीत जाणार नाही, याची हमी आज कायदा ठळकपणे देत नाही. म्हणून ती कुठे जाते हे आपणच पाहायला शिकले पाहिजे.

मधल्या माणसाची युक्ती

पाहायचे कसे? यासाठी मिटमप्रॉक्सी नावाचा एक मोफत, खुला प्रोग्रॅम आहे. ॲल्डो कोर्टेसी या प्रोग्रॅमरने तो २०१० मध्ये सुरू केला आणि आज जगभरातले स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या पडद्यावर चालतो. नाव इंग्रजीतल्या 'मधला माणूस' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे आणि त्याचे कामही तेच आहे.

एरवी तुमचा मोबाइल आणि वेबसाइटचा सर्व्हर यांच्यातला संवाद बंद पाकिटातून चालतो. पाकीट फोडून वाचता येऊ नये म्हणून तो संवाद कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. पण समोरचा सर्व्हर खराच आहे, तोतया नाही, हे मोबाइलला कसे कळते? सर्टिफिकेटवरून. इथे आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. जात प्रमाणपत्रावर सक्षम प्राधिकाऱ्याची सही-शिक्का असला तरच कॉलेज ते मानते. कॉलेज तुम्हाला ओळखत नसते, ते शिक्क्याला ओळखते. मोबाइलमध्येही अशा मान्यताप्राप्त शिक्केवाल्यांची यादी आधीच भरलेली असते. त्यांच्यापैकी कुणाचा शिक्का सर्टिफिकेटवर असला की मोबाइल विश्वास ठेवतो.

मिटमप्रॉक्सी स्वतःचा एक शिक्का तयार करतो. तो तुम्ही तुमच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हाताने 'मान्य' केला की मधला माणूस कामाला लागतो. मोबाइलला वाटते आपण वेबसाइटशी बोलतो आहोत, वेबसाइटला वाटते आपण मोबाइलशी बोलतो आहोत. प्रत्यक्षात दोघेही लॅपटॉपमधल्या मिटमप्रॉक्सीशी बोलत असतात. तो प्रत्येक पाकीट उघडतो, तुम्हाला दाखवतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो.

करायची कामे अशी. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वायफायवर आणायचे. लॅपटॉपवर प्रोग्रॅम सुरू करायचा, तो ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी 'मॅन्युअल' करून लॅपटॉपचा पत्ता आणि ८०८० हा आकडा टाकायचा. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये प्रोग्रॅमचे स्वतःचे पान उघडून सर्टिफिकेट उतरवून घ्यायचे आणि मोबाइलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन ते बसवायचे. यानंतर मोबाइलवर काहीही उघडले की लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते. बाणाच्या बटनाने ओळीवर जायचे आणि एंटर दाबायचे. काय पाठवले, काय परत आले, सगळे दिसते. गर्दी फार झाली तर गाळणी लावून एकाच पत्त्याकडे जाणाऱ्या ओळी ठेवता येतात. टर्मिनलची सवय नसलेल्यांसाठी हाच प्रोग्रॅम ब्राउझरच्या खिडकीतही चालतो. आणि फक्त वेबसाइटच तपासायची असेल तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडला तरी बरेच काही हाती लागते.

एका माणसाने पाहिले म्हणून

हे सगळे इंजिनिअर लोकांचे खेळ आहेत, त्याने काय बदलणार, असे वाटणे साहजिक आहे. त्यांच्यासाठी २०१२ चे एक उदाहरण.

पाथ नावाचे एक सोशल ॲप तेव्हा लोकप्रिय होते. जवळच्या मोजक्याच मित्रांचे, खासगीपणा जपणारे, अशी त्याची ख्याती. सिंगापूरमध्ये राहणारा अरुण थंपी हा प्रोग्रॅमर काही वेगळ्याच कामासाठी त्या ॲपचे बोलणे मिटमप्रॉक्सीमधून पाहत होता. एका ओळीवर तो थबकला. ॲप त्याच्या आयफोनमधले सगळे कॉन्टॅक्ट, म्हणजे नावे, ईमेल पत्ते आणि फोन नंबर, न विचारता कंपनीच्या सर्व्हरला पाठवत होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने हे पुराव्यासह लिहिले. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली आणि गोळा केलेले कॉन्टॅक्ट पुसून टाकल्याचे सांगितले. त्याच वर्षी ॲपलने आयफोनमध्ये बदल केला आणि कॉन्टॅक्ट वाचण्याआधी ॲपला परवानगी मागावी लागू लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत कंपनीला आठ लाख डॉलर भरावे लागले. तो दंड मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेतल्याबद्दलचा होता. आज तुमच्या फोनवर 'या ॲपला कॉन्टॅक्ट पाहू द्यायचे का?' असा प्रश्न येतो, त्यामागे एका माणसाने पडद्यावर पाहिलेल्या त्या ओळीचाही वाटा आहे.

आपल्या देशातही असे घडले आहे. मार्च २०१८ मध्ये 'इलियट अल्डरसन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच सुरक्षा संशोधकाने नमो ॲपमधून वापरकर्त्याची माहिती एका अमेरिकी कंपनीच्या पत्त्याकडे जात असल्याचे दाखवले. भाजपने ती फक्त विश्लेषणासाठी असल्याचे सांगितले, पण ॲपच्या गोपनीयता धोरणाचा मजकूर बदलला गेला. लगोलग त्याने काँग्रेसच्या ॲपमधल्या त्रुटीही दाखवल्या आणि काँग्रेसने आपले ॲप प्ले स्टोअरवरून काढून घेतले. यात एक धडा आहे. तपासणाऱ्याने पक्ष पाहिला नाही, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना त्याचे ऐकावे लागले.

मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने कोविड काळात ४९ देशांच्या सरकारांनी मुलांच्या शिक्षणासाठी पुरस्कृत केलेली १६० हून अधिक ॲप आणि वेबसाइट तपासून अहवाल दिला. त्यातल्या सुमारे ८९ टक्के उत्पादनांनी मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्या सरकारचे दीक्षा ॲपही त्यात होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना हे नाव नव्याने सांगायला नको.

आम्हाला काय दिसले

आता आमच्या अभ्यासिकेकडे येतो. आम्ही पाच जण होतो. त्यातला एक मुलगा डिप्लोमा करणारा, टर्मिनल त्यालाच येत होते. बाकीचे आम्ही त्याच्या मागे उभे राहून पाहणारे. आम्ही एक जुना मोबाइल घेतला, त्यात कुणाचेही खाते ठेवले नाही, आणि खोटे नाव घालून त्या मुलीने भरलेला अर्ज पुन्हा भरायला घेतला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. ॲप उघडले तर पडद्यावर त्याची एकही ओळ धड दिसेना, नुसत्या चुकांच्या सूचना. कारण नंतर कळले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ॲप आपण बसवलेला शिक्का आपोआप मानत नाहीत. काही ॲप त्यापुढे जाऊन फक्त स्वतःच्याच ठरलेल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतात. हे वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी चांगलेच आहे, त्यामुळे ॲप काही लपवते आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र दुसऱ्या ॲपच्या, खुद्द मोबाइलच्या आणि गूगलच्या ओळी धडाधड येत होत्या. आमच्यातल्या एकाने त्यांचा फोटो काढून 'ॲप आपला डेटा परदेशात विकते' असा मेसेज लिहायलाही घेतला. आम्ही तो पाठवू दिला नाही. त्या ओळी त्या ॲपच्या नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच कंपनीची वेबसाइट मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडली. अर्ज तोच होता, आणि ब्राउझरने आमचा शिक्का मानला. नाव, मोबाइल नंबर, टक्केवारी, कॅटेगरी भरून 'सबमिट' दाबले. एक ओळ कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरकडे गेली. ती अपेक्षितच होती. त्याच सेकंदाला दुसरी एक ओळ वेगळ्याच पत्त्याकडे गेली. तो पत्ता जाहिरातींसाठी ग्राहकांचे विश्लेषण करणाऱ्या कंपनीचा होता. तिच्यात मोबाइल नंबर होता, शहर होते, कोर्सचे नाव होते. जात मात्र दिसली नाही. आम्हाला हायसे वाटले.

पण त्या ओळीत एक रकाना होता, त्यात फक्त '४' असा आकडा होता. तो कशाचा, ते कळेना. मग आम्ही तोच अर्ज पुन्हा भरला, बाकी सगळे तसेच ठेवून फक्त कॅटेगरी बदलली. ओपन निवडल्यावर तिथे '१' आला. ओबीसी निवडल्यावर '२'. पुन्हा एससी निवडले, पुन्हा '४'. तीन-तीन वेळा करून पाहिले, फरक पडला नाही. जात गेली होती, आकडा होऊन.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही जात संस्थांमधून कशी वावरते, यावर पाने लिहिली होती. ती एका अंकात मावून मोबाइल नंबरला चिकटून एका अनोळखी कंपनीकडे जाताना प्रत्यक्ष पाहणे हा वेगळा अनुभव होता. त्या मुलीने पडद्याकडे पाहून एवढेच विचारले, "म्हणजे त्यांच्याकडे मी चार नंबर आहे?"

आम्ही तारीख, वेळ आणि पडद्याचे फोटो यांसह त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. दोनच प्रश्न विचारले : हा रकाना त्रयस्थ कंपनीला का पाठवता, आणि त्याचा उल्लेख तुमच्या गोपनीयता धोरणात कुठे आहे? बारा दिवसांनी उत्तर आले की आम्ही वापरकर्त्यांच्या गोपनीयतेला महत्त्व देतो. प्रश्नांना उत्तर नाही. महिन्याभराने आम्ही पुन्हा तपासले, तेव्हा त्या दुसऱ्या ओळीतला आकड्याचा रकाना गायब होता. मोबाइल नंबर अजून जात होता. का बदलले, कुणी सांगितले नाही. एजंटचे फोनही थांबलेले नाहीत.

जे या पडद्यावर दिसत नाही

इथे प्रामाणिक राहायला हवे. तो एजंट त्या कंपनीकडून माहिती घेऊन फोन करत होता, हे आमच्या तपासातून सिद्ध होत नाही. आम्ही फक्त एवढेच सिद्ध केले की जातीची नोंद जिथे जायला नको तिथे गेली. कदाचित माहिती सायबर कॅफेतून गेली असेल, कदाचित कॉलेजच्या चौकशी अर्जातून. मुलीला आम्ही हेच सांगितले. तिला ते आवडले नाही, पण खोटे उत्तर देण्यापेक्षा ते बरे होते.

मोबाइलमधून काय बाहेर पडते, एवढेच या साधनाने दिसते. सर्व्हरवर पोचल्यावर त्याचे काय होते, ते दिसत नाही. दीक्षा ॲपचेच उदाहरण पुन्हा घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की या उपक्रमाची साठवलेली माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती आणि त्यात लाखो विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या नोंदी होत्या. कुणी कितीही वेळ मिटमप्रॉक्सी लावून बसले असते तरी ते त्याला दिसले नसते. त्यासाठी सरकारी यंत्रणांचे जबाबदार ऑडिट आणि त्याचा जाहीर अहवाल लागतो. तो मागणे हे आपले राजकीय काम आहे, ते लॅपटॉपने होणार नाही.

हेच हत्यार उलटे फिरले तर

ज्या युक्तीने आपण ॲप तपासतो, त्याच युक्तीने कुणी आपल्यालाही तपासू शकते. जुलै २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने नागरिकांना मोबाइल आणि कॉम्प्युटरमध्ये एक 'सुरक्षा सर्टिफिकेट' बसवायला सांगितले. ते बसवले की सरकार मधला माणूस होऊन लोकांचे बोलणे वाचू शकत होते. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपल या तिघांनी आपल्या ब्राउझरमध्ये ते सर्टिफिकेट अडवले. आपल्याकडे जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या अधिकारातून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत सर्टिफिकेट दिली गेल्याचे गूगलला आढळले आणि ती रद्द करावी लागली. शिक्केवाल्यावरचा विश्वास किती नाजूक असतो, ते यातून कळते.

चळवळीतल्या तरुणांना याचे गांभीर्य जास्त सांगायला नको. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधून पेगासस या हेरगिरी सॉफ्टवेअरचा हल्ला ज्यांच्यावर झाल्याचे उघड झाले, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कागदपत्रे घुसवली गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेने काढला, तो फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आला. तिथे वापरलेली साधने वेगळी होती आणि मिटमप्रॉक्सीने ती सापडलीही नसती. पण आपल्या उपकरणात काय येते आणि त्यातून काय जाते याकडे दुर्लक्ष करणे चळवळीला परवडणारे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून काही पथ्ये आम्ही स्वतःला घालून घेतली आहेत, ती इतरांनीही पाळावीत. तपास फक्त स्वतःच्या मोबाइलवर करायचा, शक्यतो जुन्या, आणि खोटी माहिती भरून. दुसऱ्याच्या मोबाइलचे किंवा सार्वजनिक वायफायवरच्या लोकांचे बोलणे पाहणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मित्राने 'बघ ना' म्हटले तरी त्याचे बँकेचे ॲप किंवा ईमेल त्यातून उघडायचा नाही, कारण पासवर्डही पडद्यावर उघडे दिसतात. काम संपले की मोबाइलमधला शिक्का काढून टाकायचा, प्रॉक्सी बंद करायची आणि साठवलेली फाइल गरजेपुरतीच ठेवायची. कॉलेज, कोचिंग क्लास किंवा ऑफिसने 'हे सर्टिफिकेट बसवा' म्हटले तर कशासाठी, हे विचारल्याशिवाय बसवायचे नाही.

आता काय करता येईल

प्रत्येक वस्तीत हॅकर तयार करायला आम्ही सांगत नाही. पण प्रत्येक तालुक्यात दोन तरुण असे असावेत की ज्यांना हे तपासता येते. आपल्या विहारांमधून आणि अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, अर्ज भरून देण्याची शिबिरे चालतात. अर्ज भरण्याच्या शिबिरात एक टेबल असे असावे की मुले जे ॲप, जी वेबसाइट वापरतात ती आधी तपासून दिली जाईल. समाजकल्याणच्या योजनांसाठी शासनाचे अधिकृत पोर्टल सोडून मधल्या ॲपवर कॅटेगरी भरूच नका, हा साधा सल्लाही अनेकांना वाचवेल. सायबर कॅफेत अर्ज भरला तर डेस्कटॉपवरची आणि डाउनलोडमधली कागदपत्रे स्वतःसमोर पुसून घ्या, याला तर कुठलाच प्रोग्रॅम लागत नाही.

दुसरे काम पुराव्याचे. जे दिसले तेवढेच लिहायचे. तारीख, वेळ, ॲपची आवृत्ती आणि पडद्याचा फोटो ठेवायचा. एक गोष्ट बदलून बाकी तसेच ठेवून पुन्हा पाहायचे. आधी कंपनीला विचारायचे, मग जाहीर करायचे. ग्रुपवर फिरणाऱ्या एका खोट्या मेसेजमुळे पुढचे दहा खरे मेसेज कुणी वाचत नाही. ऐकले म्हणून, परंपरेने सांगितले म्हणून, मोठ्या माणसाने म्हटले म्हणून मानू नका, हा बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश आपण व्याख्यानांत सांगतो. तो ॲपच्या जाहिरातीला लागू होतो, तसा आपल्या स्वतःच्या संशयालाही लागू होतो.

तिसरे काम मागणीचे. नव्या कायद्यानुसार संमतीने दिलेल्या माहितीचे काय केले आणि ती कुणाकुणाला दिली, हे कंपनीला विचारण्याचा हक्क कलम ११ ने दिला आहे. ती तरतूद पूर्णपणे लागू होईल तेव्हा आपल्या तरुणांनी ती पहिल्याच दिवसापासून वापरावी. पण त्याआधी खासदारांना, आमदारांना आणि अनुसूचित जाती आयोगाला एक सरळ प्रश्न विचारला पाहिजे. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत जात ही संवेदनशील माहिती होती, २०२३ मध्ये ती का नाही? जात मोजायला देश तयार होत आहे. मोजलेली जात जपायला तो तयार आहे का?

ती मुलगी आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रवेश तिने सरकारी प्रक्रियेतून घेतला, मूळ कागदपत्रे घरी आहेत. शनिवारी संध्याकाळी ती अभ्यासिकेत येते आणि त्या डिप्लोमावाल्या मुलाकडून टर्मिनल शिकते. मागच्या आठवड्यात तिने नोकरीच्या जाहिरातींचे एक ॲप तपासायला घेतले. आम्ही मागे उभे राहून पाहत होतो.

जय भीम!